चेंडू वर थांबतो का

बाभुळगावातल्या त्या घराला दोन जिने होते. पहिला सिमेंटचा, खालच्या बैठकीतून वर जाणारा, घराबरोबरच बांधलेला. दुसरा लोखंडी, मागच्या अंगणातून वर चढणारा, आणि तो एका सुटलेल्या कॅचमुळे आला होता.

पंजाबरावांनी घर बांधलं तेव्हा वेगळ्या जिन्याचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. दोन पोरं, एक वर राहील, एक खाली, येणं-जाणं एकमेकांच्या घरातूनच होईल. ते गेल्यानंतरही तसंच सुरू होतं. वर थोरला इंद्रजित आणि त्याची बायको प्रियंका, खाली धाकटा संघर्ष आणि त्याची बायको मैत्रेयी. इंद्रजितचं तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान होतं, संघर्ष ग्रामसेवक होता, आणि मैत्रेयी गावातच अकरावीला फिजिक्स शिकवायची. दोघं भाऊ एकाच टीममधून टेनिस बॉलचं क्रिकेट खेळायचे. पोटं सुटायला लागली होती, पण क्रिकेट सुटत नव्हतं.

जानेवारीत स्पर्धेची फायनल झाली, कळंबच्या टीमशी. शेवटचा बॉल, कळंबला दोन रन हवे, आणि त्यांच्या बॅट्समनने बॉल असा उचलला की तो पुढे जायचं सोडून सरळ आभाळात गेला. खाली दोघं भाऊ. एक इकडून धावत आला, एक तिकडून. दोघं माना वर करून उभे राहिले आणि बॉल दोघांच्या मधोमध जमिनीवर आपटला. कळंबच्या पोरांनी दोन रन पळून काढले आणि कप घेऊन गेले.

परत येताना इंद्रजित म्हणाला, "तुहा कॅच होता." संघर्ष म्हणाला, "तुहा होता." तेवढ्यावर मिटलं असतं, पण गावाने मिटू दिलं नाही. झेरॉक्स काढायला येणारा प्रत्येकजण इंद्रजितला विचारायचा, आणि दाखल्यासाठी येणारा प्रत्येकजण संघर्षला. दोघांनाही मग आपापली बाजू तयार करावी लागली, आणि सांगून सांगून ती पक्की होत गेली. उन्हाळा लागेपर्यंत दोघांचं बोलणं बंद झालं. भावाच्या बैठकीतून वर-खाली करणं इंद्रजितला नको वाटायला लागलं, म्हणून त्याने वेल्डरला बोलावून मागच्या बाजूने जिना चढवून घेतला. त्याच्यावर कोणी पाय ठेवला की असा खणखणाट व्हायचा की अख्ख्या गल्लीला कळायचं, कोण चढलं आणि कोण उतरलं.

जावा मात्र बोलत होत्या. फक्त नवऱ्यांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून जिन्याचं काम त्यांनी हवेवर सोपवलं होतं. वर कोथिंबीर संपली की प्रियंका मागच्या गॅलरीत येऊन बोलायची, "मैत्रेयी, हाय का गं?" आणि मैत्रेयी अंगणातून जुडी वर फेकायची. लिंबू, आलं, एकदा तर साबणाची वडी. सुरुवातीला वस्तू गॅलरीच्या छतावर आपटायच्या, नाहीतर अर्ध्यातूनच माघारी यायच्या. आता मात्र मैत्रेयीचा हात असा बसला होता की प्रियंकाला झेलावं लागायचंच नाही. ती नुसता हात पुढे करायची.

पावसाळ्यात अकरावीला गतीचा धडा सुरू झाला. मैत्रेयीने फळ्यावर एक बॉल काढला, सरळ वर फेकलेला, आणि वर्गाला विचारलं, "अगदी वरच्या टोकाला बॉल पोहोचला, तेव्हा त्याचा वेग किती?"

"शून्य," वर्ग म्हणाला.

"आणि प्रवेग?"

"शून्य," वर्ग त्याच सुरात म्हणाला.

मैत्रेयीला हेच उत्तर येणार हे माहीत होतं. तिने बाण काढले. वर जाताना वेगाचा बाण वर, प्रवेगाचा खाली. खाली येताना दोन्ही बाण खाली. टोकाला वेगाचा बाण नाही, प्रवेगाचा मात्र आहे, आणि तोही खाली. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. उतरवून घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिला काही आवडलं नाही. समोरच्या माणसाचा मान राखायचा म्हणून मान डोलवावी, तसं ते होतं.

मागच्या बाकावरचा देवसिंग उभा राहिला. तो तांड्यावरून मोटरसायकलने यायचा आणि जे पटलं नाही ते पटलं नाही म्हणायचा.

"मॅडम, मी ब्रेक दाबला अन् गाडी उभी केली. गाडी उभी हाय. मंग आता कायचं ॲक्सिलरेशन?"

"गाडीचं नाही. पण बॉल गाडीसारखा नसतो."

"काहून नसते? थांबला म्हणजे थांबला."

"देवसिंग, मी दाखवलं ना फळ्यावर."

"हो मॅडम. पेपरात तसंच लिहितो," देवसिंग समजुतीने म्हणाला. "पण पटून नाही राह्यलं."

हे "पेपरात तसंच लिहितो" मैत्रेयीच्या मनात दिवसभर सलत राहिलं. तिला स्वतःला अकरावीत असताना पुसदच्या कॉलेजात हेच पटलं नव्हतं, आणि तिनेही पेपरात तसंच लिहून मार्क घेतले होते. पुढे एम.एस्सी. करताना कधीतरी एका दुपारी ते आपोआप कळलं. आपल्या वर्गातल्या पोरांनी एवढी वर्षं थांबावं, हे काही तिला मंजूर नव्हतं.

संध्याकाळी प्रियंकाने लिंबू मागितलं. मैत्रेयीने फेकलं, आणि या वेळी पहिल्यांदाच नीट पाहिलं. लिंबू हातातून सुटलं तेव्हा जोरात होतं, वर जाता जाता मंद होत गेलं, आणि प्रियंकाच्या बोटांपाशी पोहोचलं तेव्हा त्याच्यात काहीच जोर उरला नव्हता. प्रियंकाने झाडावरचं तोडावं तसं ते हवेतून काढून घेतलं.

"ताई, आता एक करा," मैत्रेयी म्हणाली. "ते परत खाली टाका. मी पुन्हा फेकते. या वेळी घेऊ नका."

"काहून? मले सरबत कराचं हाय."

"एकदाच."

लिंबू पुन्हा वर गेलं. प्रियंकाने हात मागे घेतला. लिंबू तिच्या नाकासमोर आलं आणि तिथून माघारी वळून मैत्रेयीच्या पायाशी पडलं.

"आता झालं समाधान?" प्रियंका म्हणाली.

"ताई, शनिवारी माझी पोरं आणू का तुमच्या गॅलरीत?"

प्रियंकाने एकदा लोखंडी जिन्याकडे पाहिलं. इंद्रजित शनिवारीही दुपारपर्यंत दुकानातच असायचा. "आण," ती म्हणाली. "पोहे करतो मी. पण हे घरी याच्या आधी आटप."

शनिवारी कॉलेज लवकर सुटलं आणि वर्गातली जमेल तेवढी पोरं-पोरी मैत्रेयीच्या मागोमाग घरी आली. बऱ्याच दिवसांनी उघाड पडली होती. अंगणात चिखल होता, म्हणून प्रियंकाने आधीच पोत्यांची वाट करून ठेवली होती. देवसिंग आणि आणखी काही पोरं खणखणाट करत गॅलरीत चढली. बाकीची खाली अंगणात. मैत्रेयीने संघर्षच्या किटमधला टेनिस बॉल घेतला.

"देवसिंग, हात पुढे करून ठेव. आपण होऊन झेलू नको. येईल तेव्हा नुसता पकड."

पहिला बॉल उंच गेला, दुसरा कमी पडला, तिसरा अगदी अलगद देवसिंगच्या तळहाताला टेकला. त्याने बोटं मिटली. खालच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"लागला का हाताला?"

"नाई मॅडम. आलाच असा, जसा काही कोणी हातात आणून दिला," देवसिंग म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं की हे तर आपल्याच बाजूचं आहे. "म्हणजे थांबला होता ना. मी तेच म्हणून राह्यलो होतो. वेग शून्य, ॲक्सिलरेशन शून्य."

"बरं. दोन्ही शून्य. मग आता हात मागे घे. मी फेकते. बॉल तुझ्यासमोर येऊन थांबेल. दोन्ही शून्य असतील तर तो तिथेच राहील, त्या दोरीवरच्या टॉवेलाशेजारी. मग सावकाश घे."

देवसिंग हसला. पण त्याने हात मागे घेतला आणि डोळे ताणून उभा राहिला. बॉल वर आला, त्याच्या डोळ्यांसमोर आला, आणि गेला. त्याने खाली वाकून पाहिलं.

"परत फेका मॅडम."

मैत्रेयीने परत फेकला. परत गेला. देवसिंगने पुन्हा फेकायला लावला. आता तो हसत नव्हता. बाकीची पोरंही कठड्याला रेलून बघायला लागली होती.

"थांबल्यावर त्याला कोणी खाली पाठवलं?" मैत्रेयीने खालून विचारलं. "तू तर नाही ना?"

"नाई."

"वेग नव्हता त्याच्यात. मग खालचा वेग आला कुठून?"

देवसिंगने कठड्यावरून खाली पडलेल्या बॉलकडे पाहिलं. मग म्हणाला, "ओढ चालूच होती."

"कधीपासून?"

"तुमच्या हातातून सुटला तेव्हापासून." तो आता तिच्याशी कमी आणि स्वतःशी जास्त बोलत होता. "वर येऊन राह्यला होता तेव्हाही खालीच ओढून राह्यली होती, म्हणून तं हळू झाला. मी ब्रेक दाबतो, गाडी उभी राह्यली का ब्रेकचं काम संपते. हिचं काम संपत नाई. बॉल उभा राह्यला तरी ही सोडतच नाई."

"मग टोकाला प्रवेग किती?"

"तेवढाच. जेवढा खाली होता तेवढाच. अन् खालच्या बाजूनं."

मैत्रेयीने चिखलातला बॉल उचलला आणि पुसला. तिला फार बरं वाटलं होतं. प्रियंकाने पोह्यांची परात गॅलरीत आणून ठेवली आणि विचारलं, "झालं का? लवकर खाऊन घ्या, यायची वेळ झाली यांची."

तेवढ्यात जिना खणखणला.

इंद्रजित वर आला आणि गॅलरीच्या दारात उभा राहिला. आपल्या घरात एवढी पोरं, टॉवेल एका बाजूला सरकवलेला, परात मध्यभागी. "हे काय होय?"

"मैत्रेयीची शाळा. मीच बोलावलं," प्रियंका म्हणाली आणि एक प्लेट त्याच्याही हातात दिली.

इंद्रजितने कठड्यावरून खाली पाहिलं. नेमका त्याच वेळी संघर्ष मोटरसायकल घेऊन थेट मागच्या अंगणात आला. भावाने भावाला पाहिलं. मग एकाने परातीकडे पाहिलं आणि एकाने चिखलाकडे.

मैत्रेयीला वाटलं आता पोरांना काढून द्यावं. पण पोरं ती पोरंच. सुरभी नावाची एक हुशार मुलगी अंगणात वही घेऊन बसली होती, तिने अगदी निरागसपणे विचारलं, "मॅडम, झेरॉक्सवाल्या दादांच्या दुकानात ऐकलं होतं मी, फायनलचा बॉल वर जाऊन थांबला होता म्हणे. मग तो किती वेळ थांबला असेल?"

बाभुळगावात त्या कॅचबद्दल कोणी कोणासमोर काय बोलायचं हे ठरलेलं होतं, आणि दोघांसमोर एकदम कोणीच कधी बोललं नव्हतं.

"थांबलाच होता," इंद्रजित वरून म्हणाला. प्लेट अजून तशीच हातात होती. "माह्याकडे येऊन राह्यला होता सरळ. वर थांबला, मंग वाऱ्यानं तिकडं गेला."

"थांबत नाई तो," देवसिंग त्याच्या शेजारीच उभा होता, तो म्हणाला.

"तू होता का तिथं?"

"नव्हतो, दादा. पण आता पाह्यलं ना. वर पोहोचला का लगेच उलटते. तिथं बसून वाट नाई पाहात."

खाली संघर्षला हसू आलं. "सांगा, सांगा त्याईले."

"पण सर," सुरभीने वही उलटून त्याच्याकडे मोर्चा वळवला, "तुम्ही आमच्या बाबांना सांगितलं होतं, का बॉल खाली येता येता हळू झाला, म्हणून दादांपाशी भरपूर वेळ होता. खाली येताना तर वेगाचा बाण पण खाली आणि प्रवेगाचा पण खाली. मग तो वाढतच जाईल ना?"

आता इंद्रजितने पोह्याचा पहिला घास घेतला.

"मैत्रेयी," संघर्ष म्हणाला, "तूच सांग."

"हो, सांग तूच," इंद्रजित वरून म्हणाला. सहा-सात महिन्यांत दोघांचं एकमत पहिल्यांदाच झालं होतं.

मैत्रेयीला हे नको होतं. एकाची बायको, एकाच्या घरच्या लेकीसारखी. कोणाच्याही बाजूने बोललं तरी रात्रीचं जेवण बिघडणार. पण सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. काल-परवा जे शिकवलं ते घरात आल्यावर खोटं होतं का, हेच जणू ते बघत होते. तिने विटेचा एक तुकडा उचलला आणि मागच्या भिंतीवर बॉल काढला.

"वाऱ्याचं मी काही सांगत नाही, मी तिथे नव्हते. पण वर जाणं आणि खाली येणं मला सांगता येतं. वर जाताना वेग वर, ओढ खाली, म्हणून तो मंदावतो. टोकाला क्षणभर वेग नाही, पण ओढ तशीच असते. खाली येताना वेगही खाली, ओढही खाली, म्हणून तो जोर धरत येतो. तो वर कोणासाठी थांबत नाही, आणि खाली येताना कोणासाठी हळू होत नाही."

"म्हणजे थांबले ते हे दोघंच," प्रियंका गॅलरीतून म्हणाली. ती परातीतले पोहे सारखे करत होती आणि तिने वरही पाहिलं नाही.

कोणी हसलं नाही. इंद्रजितने प्लेट कठड्यावर ठेवली.

"मी कायले थांबलो," तो म्हणाला, आणि मग आवाज उतरवून, "मले वाटलं, हा घेईन. याचे हात माह्यापेक्षा चांगले हायेत. लहानपणापासून. मी आडवा गेलो असतो तं दोघंही आदळलो असतो."

संघर्ष चिखलातल्या पोत्यावर उभा होता. त्याने हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"दादा आला म्हणून मी थांबलो," तो म्हणाला. तो वर बघून बोलत नव्हता, पण पोरांना उद्देशूनही बोलत नव्हता. "त्याईच्या मधात मी कायले जाव? मोठा होय तो."

"मंग त्या दिवशी काहून नाई सांगितलं?"

"तू सांगू कुठं दिलं. गाडीत बसल्या-बसल्या म्हणला, तुहा कॅच होता."

"तुहाच होता," इंद्रजित म्हणाला. पण या वेळी ते वाक्य भांडणातलं नव्हतं. आपला भाऊ चांगला झेलतो हे चार लोकांत सांगावं, तसं ते बाहेर पडलं. ते त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं, आणि तो घाईघाईने पोह्यांकडे वळला.

पोरांनी परात साफ केली, भिंतीवरच्या बॉलचे फोटो काढले, आणि चिखल तुडवत गेली. देवसिंग सगळ्यांच्या शेवटी निघाला. फाटकाशी गाडीला किक मारताना म्हणाला, "मॅडम, आता पेपरात लिहितो ते माहं असेल." मैत्रेयीने मान हलवली. मग ती पोती गोळा करायला लागली.

इंद्रजित पुन्हा बाहेर निघाला. जिना उतरून अंगणात आला तेव्हा संघर्ष तिथेच मोटरसायकलचं मडगार्ड पुसत होता. एवढं पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं. इंद्रजित दोन पावलं पुढे गेला, थांबला.

"झेरॉक्सचा ड्रम खराब झाला," तो म्हणाला. "यवतमाळले न्यावं लागते मशीन. मांगं धरून बसाले कोणी तरी पाह्यजे."

संघर्षने फडकं पिळलं. "आत्ता?"

"दुकान बंद करूनच आलो मी. सोमवारी तहसीलमधे गर्दी असते."

"माह्या गाडीवर न्या लागीन. तुह्या गाडीले कॅरिअर नाई."

"चालते."

संघर्ष आत गेला, पाण्याची बाटली घेऊन आला, आणि बाहेर येता येता मैत्रेयीला म्हणाला, "जेवाले उशीर होईन. दोघाईलेही." दोघं गेले. गाडी चालवायची कोणी यावरून फाटकाबाहेर त्यांची थोडी बाचाबाची झाली ती जावांनी ऐकली. शेवटी संघर्ष पुढे बसला असावा, कारण गाडी अगदी त्याच्यासारखी एका झटक्यात सुटली.

प्रियंका रिकामी परात घेऊन खाली आली आणि मैत्रेयीच्या शेजारी पायरीवर बसली. दोघींनी परातीच्या कडेला चिकटलेले शेंगदाणे वेचून खाल्ले. ऊन छान पडलं होतं. शेजारच्या जमनीबाईंनी त्यांच्या छपराच्या टिनांवर मिरच्या वाळत घातल्या होत्या.

"पुढचा धडा कोणता?" प्रियंकाने विचारलं.

"तिरका फेकलेला बॉल."

"तो कुठं जाऊन पडते?"

"जोर कसा लावला त्याच्यावर आहे. इथून फेकला तर..." मैत्रेयीने कुंपणापलीकडे बघून अंदाज घेतला. "त्या मिरच्यांवर."

प्रियंकानेही तिकडे पाहिलं आणि एक शेंगदाणा तोंडात टाकला.

"मंग तो कॉलेजातच शिकव," ती म्हणाली.